चार्ट लागला, तिकीट गेलं : गणपतीच्या गाडीतलं एक प्रकरण

मी आरक्षणाच्या खिडकीमागे बरीच वर्षं बसलो. निवृत्तीनंतर आमच्या इमारतीत कुणाच्या तिकिटाचं घोडं अडलं की कागद माझ्याकडे येतो. हे प्रकरणही तसंच आलं, पण सगळं होऊन गेल्यावर. कुटुंबाच्या परवानगीने लिहितोय. नावं बदलली आहेत आणि गाडीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कोकणात जाणारी, दादरहून मध्यरात्री सुटणारी गाडी, एवढं पुरे.

पार्श्वभूमी

विजय डोंबिवलीत राहतो आणि एका खासगी कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहे. घरात बायको सुजाता, सोळा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी आणि आई. आईला इथे आजीच म्हणतो. गाव कुडाळ तालुक्यात. घरचा दीड दिवसांचा गणपती, त्यामुळे चतुर्थीला गावी पोचण्यावाचून गत्यंतर नाही. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. ५ तारखेच्या रात्री निघायचं आणि हरतालिकेच्या सकाळी घरी, असा बेत ठरला.

तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी खुलं व्हायचं. गणपतीच्या गाड्यांसाठी मे महिन्यातच सकाळी आठला झुंबड उडायची. विजयची त्या वेळेला कामावर जायची घाई, म्हणून त्याने नाक्यावरच्या मोबाइल रिचार्जच्या दुकानदाराला सांगितलं. दुकानदार ‘तिकीटं पण काढून देतो’. भाड्यावर माणशी ३०० रुपये जास्तीचे.

दुकानदाराने आधी आजीचं तिकीट काढलं, ज्येष्ठांच्या कोट्यातून. लोअर बर्थ, कन्फर्म. मग उरलेल्या चौघांचं दुसऱ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या आरक्षण क्रमांकावर, काढायला घेतलं. मधे दोन-तीन मिनिटं गेली असतील. गणपतीच्या गाडीला तेवढी पुरतात. चौघांना वेटिंग मिळालं, ४१ ते ४४.

दुकानदाराने दोन्ही प्रिंट हातात ठेवल्या. चौघांच्या प्रिंटवर ‘डब्ल्यूएल ४१’ला त्याने निळ्या पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘होणार’. तो कागद मी पाहिलाय. घडीवर फाटलाय, पण गोल अजून ठळक आहे.

तिकिटात खोट कुठे होती

वेटिंगचं तिकीट दोन जातींचं असतं आणि निम्म्या लोकांना हा फरक ठाऊक नसतो. खिडकीवरून घेतलेलं छापील तिकीट चार्ट, म्हणजे गाडी सुटण्याआधीची आरक्षणाची यादी, लागल्यावर वेटिंगच राहिलं, तरी आपोआप मरत नाही. ते घेऊन जनरल डब्यात बसता येतं. स्लीपरमध्ये नाही, पण जनरलमध्ये तुम्ही तिकीटवाले असता. ऑनलाइन काढलेल्या ई-तिकिटाचं तसं नाही. त्या पीएनआरवरची सगळी नावं चार्टनंतरही वेटिंगमध्ये राहिली, तर ती चार्टमधून वगळली जातात, तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून आले तिकडे परत जातात. त्यानंतर हातातली प्रिंट ही रद्दी. ती घेऊन गाडीत चढलेला माणूस नियमाने विनातिकीट, मुंबईच्या भाषेत ‘विदाऊट’.

दुसरी गोष्ट तिकिटावर नोंदवलेल्या मोबाइल नंबरची. रद्द झाल्याचा मेसेज त्या नंबरवर जातो. इथे नंबर दुकानदाराचा होता.

आणि तिसरी. अधिकृत एजंटांना आरक्षण खुलं होतं तेव्हाची पहिली काही मिनिटं बुकिंग करता येत नाही. हा गडी बरोबर त्याच मिनिटांत तिकीट काढत होता, म्हणजे तो एजंट नव्हताच. स्वतःच्या वैयक्तिक लॉगिनवरून काढून विकत होता. अधिकृत एजंटाच्या तिकिटावर त्याचा तपशील छापलेला असतो आणि परताव्याच्या वेळी प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणजे प्रवाशाला निदान खबर तरी लागते. इथे ती सोयही नव्हती. असा धंदा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४३खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विजयला यातलं काही माहीत नव्हतं. ‘प्रिंटवर रेल्वेचं नाव होतं की,’ असं तो मला म्हणाला.

५ सप्टेंबरची संध्याकाळ

खरा निर्णय या संध्याकाळी व्हायला हवा होता.

चार्ट रात्री आठच्या सुमारास लागला. वेटिंग ४१वरून ९वर आलं आणि तिथेच अडकलं. त्या वेळी विजयच्या घरी मखराचे तुकडे जुन्या साडीत बांधायचं काम चाललं होतं. सुजाताने दोनदा विचारलं, “तिकिटाचं काय झालं ते बघितलंत का?” विजयने दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, “नऊ म्हणजे झालंच की. टीसी बघून घेतो, गणपतीत कोण विचारतंय?”

पीएनआर तपासायला अर्धा मिनिट लागतो. मोबाइलवर पाहता येतं, रेल्वेच्या १३९ या नंबरवर विचारता येतं. विजयने तपासलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “नाही झालंय असं दिसलं असतं तर काय केलं असतं, तेच सुचत नव्हतं.” मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. खिडकीवर असताना मी अशी माणसं रोज बघायचो. चार्टचा कागद समोर लावलेला असायचा आणि ती दोन पावलं लांब उभी राहून दुसऱ्यालाच विचारायची.

त्या वेळी हातात काय होतं? तिघं-चौघं मिळून एसटी किंवा खासगी बस, पण खासगीवाल्यांचे त्या रात्रीचे दर ऐकूनच पोट भरतं. दुसरं, दिवा-सावंतवाडी गाडी. ती सकाळी सहाच्या सुमारास दिव्याहून सुटते आणि जनरलच्या तिकिटावर जाता येतं. डोंबिवलीपासून दिवा दोन स्टेशनं. संध्याकाळपर्यंत कुडाळ. हरतालिकेची पूजा चुकली असती, गणपती चुकला नसता. तिसरं, आजीला तिच्या कन्फर्म बर्थवर बसवायचं आणि बाकीच्यांनी जनरलची तिकीटं काढून त्याच गाडीच्या जनरल डब्यात शिरायचं. गणपतीत जनरल डब्यात शिरणं म्हणजे काय ते कोकणवाल्यांना सांगायला नको.

आणखी एक वाट कायद्यातच आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. कलम ५५ म्हणतं, तिकिटाशिवाय डब्यात चढू नका, किंवा अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची आधी परवानगी घ्या. तशी परवानगी घेऊन तिचा दाखला जवळ ठेवला, तर कलम १३८प्रमाणे नुसतं भाडं द्यावं लागतं, वरचा दंड नाही. गर्दीच्या रात्री टीसी असा दाखला देईलच असं नाही, मान्य. पण फलाटावर आपण होऊन जाऊन सांगणारा आणि डब्यात पकडला गेलेला, या दोघांत कायदा फरक करतो.

गाडीत

ठाण्याला पाचही जण स्लीपरमध्ये चढले. आजी आपल्या बर्थवर, सुजाता तिच्या पायाशी. मुलगी खाली वर्तमानपत्र पसरून. मुलगा मात्र वरच्या एका रिकाम्या बर्थवर चढला. चढला नाही, विजयने चढवला. “टीसी आला तर झोपल्याचं सोंग घे,” असं सांगून. त्या बर्थचा प्रवासी पनवेलला चढायचा होता आणि तो चढला. पोरगा खाली आला आणि सगळ्या डब्याला कळलं की ही मंडळी बिनबर्थची आहेत.

पनवेल सोडल्यावर टीसी आला, हातात ते टॅबसारखं यंत्र. आजीचं नाव सापडलं. चौघांची प्रिंट त्याने टॉर्चखाली धरली, नंबर यंत्रात टाकला आणि विजयकडे पाहिलं.

“काका, हे तिकीट रद्द झालंय. पैसे परत गेलेत.”

“आम्हाला नाही आले, साहेब.”

“ज्याने काढलं त्याला गेले.”

आजी उठून बसली. “पैशे दिले मां तेका? मगे तिकीट खोटा कसा?” टीसीला मालवणी येत होतं, पण नियमात फरक पडला नाही.

शेजारच्या बर्थवरून कुणीतरी न विचारता सल्ला दिला, “केस होणार बघा. नोकरीवर येतं हे.” त्या एका वाक्याने विजयचा घसा कोरडा पडला. पुढच्या वर्षी मुलाच्या पासपोर्टचा अर्ज करायचा होता, तेही आठवलं.

कायदा नेमकं काय म्हणतो

सहप्रवाशाने जी भीती घातली ती दोन वेगळ्या कलमांची खिचडी होती.

कलम १३७ फसवणुकीचं आहे. पैसे बुडवायच्या हेतूने विनातिकीट प्रवास केला, असं ठरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा खटला आहे, न्यायालयात उभं राहावं लागतं. कलम १३८ वसुलीचं आहे. तिकीट नाही किंवा चालणारं नाही, तर भाडं भरा आणि त्यावर भाड्याइतकीच जादा रक्कम, मात्र ती २५० रुपयांपेक्षा कमी नाही. जागेवर भरलं, पावती घेतली, की प्रकरण संपलं. ती पावती म्हणजे शिक्षा झाल्याची नोंद नव्हे. नोकरी, पासपोर्ट, पोलीस पडताळणी, कशालाही ती आडवी येत नाही.

भरायला नकार दिला तर मात्र वाट बदलते. वसुलीसाठी रेल्वे दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, आणि तिथेही भरलं नाही तर किमान दहा दिवस ते एक महिना कैद होऊ शकते. म्हणजे खिशातून जायची तीच रक्कम, वर खेपा आणि बदनामी.

विजयची बाजू तशी सरळ होती. छापील पीएनआर हातात, आई त्याच गाडीत कन्फर्म, दुकानदाराला यूपीआयने पैसे दिल्याची नोंद. फसवायचा हेतू दिसत नव्हता. डाग एकच, तो झोपेचं सोंग घेणारा मुलगा. टीसी सोशिक होता म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही. हेतू ठरवताना लोक काय बोलतात यापेक्षा कसे वागतात ते पाहिलं जातं. सोंगाचा फायदा शून्य, धोका मात्र भरपूर.

पर्याय

टीसीने तीन गोष्टी पुढे ठेवल्या. कुडाळपर्यंतचं भाडं आणि तेवढाच दंड भरायचा, चौघांचे मिळून ३,०००च्या थोडं वर, आणि तरीही बर्थ मिळणार नाही. किंवा माणगावपर्यंतचं भाडं आणि दंड भरून तिथे उतरायचं, तिकीटं काढून जनरलमध्ये जायचं किंवा सकाळची गाडी पकडायची. पहिल्यापेक्षा बरंच स्वस्त. किंवा भरायचं नाही आणि पुढे रेल्वे सुरक्षा दलाच्या ताब्यात जायचं.

सुजाताने विचारलं, “बायकापोरांना रात्री उतरवता येत नाही ना?” असा समज सर्रास आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कलम १३९मधलं संरक्षण सोबत पुरुष नसलेल्या बाई किंवा मुलांसाठी आहे. त्यांना मधल्या वाटेल त्या स्टेशनवर किंवा रात्री उतरवता येत नाही. इथे विजय सोबत होता.

माणगावला उतरायचा पर्याय कागदावर चांगला होता. पण पहाटे अडीच-तीनला, दोन मुलं आणि मखराच्या गाठोड्यासह, बाहेर पाऊस. आजी एकटी कुडाळला जाणार, तिथे तिला उतरवून घ्यायला कुणी नाही. विजयने भरायचं ठरवलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही भरलं असतं.

काय केलं

भरायचं म्हटलं तरी भरणार कसं, हा पेच उरलाच. खिशात रोख १,८०० रुपये. यूपीआय करायला गेला तर रेंज नाही. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत मोबाइल म्हणजे खेळणं. दोनदा फिरत राहिलेलं चक्र आणि ‘व्यवहार अपूर्ण’. तेव्हा आजीने कमरेची पिशवी सोडली. त्यात नैवेद्याचे, भटजींच्या दक्षिणेचे आणि माहेरच्या गणपतीपुढे ठेवायचे पैसे वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेले होते. तिन्ही पुड्या एकामागून एक सुटल्या.

विजयने एक गोष्ट बरोबर केली. पावती मागून घेतली आणि तिच्यावर चार माणसं, कुठून कुठपर्यंत आणि रक्कम वाचून पाहिली. टीसीने पावती न मागता दिली असती हे खरं, पण अशा रात्री ‘थोडं कमी द्या, पावती राहू दे’ म्हणणारा प्रवासीच जास्त भेटतो. पावती नसती तर पुढच्या तपासणीत पुन्हा पहिल्यापासून.

चिपळूणला दोन बर्थ रिकामे झाले. टीसीने आपण होऊन मुलांना तिथे झोपवलं. विजय दाराशी उभा राहिला तो रत्नागिरीपर्यंत. सकाळी सगळे कुडाळला उतरले. हरतालिका झाली, गणपती बसला. दक्षिणेचे पैसे शेजाऱ्याकडून उसने आणले.

परत आल्यावर

डोंबिवलीत परतल्यावर विजय दुकानदाराकडे गेला. दुकानदाराने आधी ‘पैसे आलेच नाहीत’ म्हटलं. मग विजय माझ्याकडे आला, आणि कागद पाहून मी त्याला सांगितलं की परतावा त्या लॉगिनच्याच खात्यात गेलाय, थोडी कपात होऊन. दुसऱ्या खेपेला त्याने सरळ विचारलं, “तुमचा एजंटचा परवाना दाखवा, नाहीतर मी रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत हे कागद देतो.” संध्याकाळी चौघांचं भाडं आणि पाचही जणांचे जास्तीचे १,५०० परत आले. गाडीतला दंड मात्र ‘तो माझा विषय नाही’.

इथे माझं आणि विजयचं जमलं नाही. मी म्हणत होतो, तक्रार कर. यूपीआयची नोंद, प्रिंट, दंडाची पावती, तिन्ही हातात आहेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता आलं असतं. विजय म्हणाला, “रोज त्याच्याच दुकानावरून जायचंय, काका.” तक्रार झाली नाही. दुकानावरची ‘रेल्वे तिकीट मिळेल’ची पाटी महिनाभराने गेली, आपणहून की कुणी सांगितल्यावर, कोण जाणे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात महाग पडला तो मोबाइल नंबर. तिकिटावर विजयचा नंबर असता तर आठ वाजता मेसेज आला असता आणि न बघायची सोयच उरली नसती. तिकीट कुणीही काढो, नंबर प्रवासाला जाणाऱ्याचा हवा.

दोन पीएनआर केले ही चूक होती का, यावर मी बराच विचार केला. एका पीएनआरवर सहा जणांपर्यंत नावं घालता येतात आणि त्यातली काही कन्फर्म, काही वेटिंग राहिली तर ई-तिकीट आपोआप रद्द होत नाही. पण आजीला कोटा मिळाला तो वेगळं काढल्यामुळेच. पाचही जण एकत्र टाकले असते तर बहुधा पाचही वेटिंगमध्ये गेले असते. तेव्हा वेगळं काढणं बरोबर, फक्त चौघांचं तिकीट खिडकीवरून काढलं असतं तर जनरलचा हक्क तरी राहिला असता.

आणि जनरलची तिकीटं. २०० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाचं जनरल तिकीट तीन दिवस आधी काढून ठेवता येतं. ती चार तिकीटं पिशवीत असती, तरी स्लीपरमध्ये चढल्यावर भाड्यातला फरक आणि दंड भरावा लागलाच असता, पण रक्कम कमी झाली असती आणि ‘विदाऊट’ म्हणून कुणी बोललं नसतं. मुख्य म्हणजे आठ वाजता, ‘नाही झालं तर काय’ या प्रश्नाला उत्तर घरात तयार असतं.

२०२५च्या गणपतीला विजयने जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या मोबाइलवरून बुकिंग केलं. आता मुदत ६० दिवसांची झालीये. आजी पुन्हा कन्फर्म, बाकी चौघं पुन्हा वेटिंग. या वेळी रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याच फोनवर आला आणि त्याने तो मला आणून दाखवला, जणू बक्षीस लागलं होतं. जनरलची चार तिकीटं आदल्या दिवशीच काढलेली होती. आजीला म्हणाला, “तू रात्रीच्या गाडीने जा, आम्ही सकाळी निघतो.” आजीने आपला बर्थ सोडला आणि पाचवं जनरल काढायला लावलं. “एकटीक माका नको. सगळी मिळान जाऊया.”

पहाटे सव्वाचारला दिव्याच्या फलाटावरून विजयने फोटो पाठवला. रांग जिन्यापर्यंत गेलेली, आजी मखराच्या गाठोड्यावर बसलेली.